भूत नाही हे ठरलं. मग कठडा कुठे आहे?

सोलापूर जिल्ह्यात सीना नदीवर एक जुना दगडी पूल आहे. त्याचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं की पुढच्या शनिवारी रात्री तिथे आणखी वीस मोटारसायकली जाऊन उभ्या राहतील. गेले काही महिने या पुलावरून दोन गटांत जुंपली आहे. एक गट मोबाईलवाल्या पोरांचा. रात्री बारानंतर जायचं, गाडीचा दिवा मालवायचा, कुणीतरी किंचाळायचं आणि ‘जिल्ह्यातला सर्वांत भयानक पूल’ अशी पाटी लावून ते सगळ्यांना दाखवायचं. दुसरा गट विवेकवाद्यांचा. ते अमावास्येला पुलावर डबे खाऊन, गाणी म्हणून, सतरंजी टाकून झोपले आणि सकाळी ‘काहीही दिसलं नाही’ असं पत्रक काढून परतले. माझी निष्ठा विचारली तर मी दुसऱ्या गटात. भूत नसतं, पुलावरही नसतं आणि पिंपळावरही नसतं. पण हा वाद ज्या प्रश्नावर चालला आहे तो प्रश्नच कुचकामी आहे. आडबाजूच्या एखाद्या पुलाला भूत चिकटतं ते बहुधा तिथे माणसं मेलेली असतात आणि त्यांच्या मरणाची रीतसर दखल कुणी घेतलेली नसते म्हणून. ‘भूत खोटं’ एवढंच सिद्ध करून घरी जाणं म्हणजे अर्जदाराचं अक्षर वाईट आहे म्हणून अर्जच निकाली काढणं.

यावर विवेकवादी मित्रांचा पहिला आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो वजनदार आहे. ते म्हणतात, अहो, ही गोष्ट तुमच्या पुलाची आहे कुठे? पांढऱ्या साडीतली बाई हात करते, गाडीवर मागे बसते, गाडी जड होत जाते, पूल संपल्यावर वळून बघावं तर मागे कुणी नाही. ही बाई कोकणातल्या घाटात भेटते, मराठवाड्यातल्या फाट्यावर भेटते, साहेबाच्या देशातही भेटते. अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या स्टो गावाजवळ १८४४ साली बांधलेला लाकडी छपराचा एक पूल आहे. प्रियकर आला नाही म्हणून जीव दिलेली एमिली तिथे रात्री रडते, गाड्यांवर ओरखडे काढते, असं सांगतात. शोधणाऱ्यांना त्या एमिलीच्या मरणाची नोंद कुठेच सापडली नाही, आणि पूल एवढा जुना असून गोष्ट मात्र गेल्या शतकाच्या उत्तरार्धातच कानावर येऊ लागते. म्हणजे मरण नाही आणि तरी भूत आहे. मग भूत म्हणजे मरणाची नोंद, हे कोणत्या तोंडाने म्हणायचं?

मान्य. गोष्टीचा साचा आयता असतो, गावोगाव फिरणारा असतो. त्यातली साडी, बांगड्यांचा आवाज, उलटे पाय यांतून काहीही सिद्ध होत नाही. पण साचा आयता असला तरी जागा आयती नसते. सीनेवर आणि भीमेवर आपल्या जिल्ह्यात कितीतरी लहानमोठे पूल आहेत. नळ्यांचे आहेत, दगडी कमानींचे आहेत, सिमेंटचे आहेत. सगळ्यांना भूत का नाही? सोलापूर–पुणे महामार्गावरच्या चौपदरी पुलावर ही बाई हात का करत नाही? पंढरपुरात १४ ऑक्टोबर २०२० ला कुंभार घाटावरची भिंत कोसळून सहा माणसं गेली. तिथल्या भुताची गोष्ट मी तरी ऐकलेली नाही. कारण त्या मरणाची बातमी झाली, चौकशीची मागणी झाली, माणसांची नावं छापून आली, आणि वारकऱ्यांच्या पायांनी तो घाट सतत जागा असतो. भुताला दोन गोष्टी लागतात: आडजागा आणि बेदखल मरण.

जागेवरून अर्थ काढण्याची ही रीत माझी नव्हे. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या आसपास पायी हिंडून शेंदूर फासलेले दगड बघत होते ते काही देवीला नवस बोलायला नव्हे. ही ठाणी जुन्या वाटा जिथे मिळतात तिथे आहेत, असं त्यांनी दाखवलं. देवी खरी की खोटी या प्रश्नात ते अडकले नाहीत, देवी इथेच का, हे त्यांनी विचारलं. आपल्याकडे नदीच्या डोहाशी साती आसरा असतात. सात दगड, हळदकुंकू, हिरवा खण. ज्या डोहात आसरा आहेत तिथे पोरांना पोहू देत नाहीत, आणि त्या डोहात पाणी खोल आणि भोवऱ्याचं असतं हे पोहणारा कुणीही सांगेल. आसरा बुडवत नाहीत, पाणी बुडवतं. पण आसरांचं ठाणं कुठे आहे हे ज्याला कळतं त्याला पाणी कुठे बुडवतं हेही कळतं.

आता आमच्या पुलाकडे त्याच नजरेने बघू. दिवसा जा, रात्रीची गरज नाही. रस्ता उतारावरून येतो आणि पुलाच्या तोंडाशीच वळतो. वळणावर वेडी बाभूळ इतकी माजली आहे की पूल दिसतो तेव्हा चाक पुलावर आलेलं असतं. एका वेळी एकच वाहन जाईल एवढी रुंदी. कडेचे दगडी खुंट बहुतेक पडले किंवा पाडले, पुराने नेले किंवा कुणाच्या तरी गोठ्याला लागले. दिवा नाही, पट्टा नाही, फलक होता त्याचे नुसते पाय उरले आहेत. नोव्हेंबरपासून तीन-चार महिने कारखान्यांचा हंगाम, आणि साखर कारखान्यांच्या बाबतीत आपला जिल्हा राज्यात अग्रेसर. उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्रभर वाहतात. मागे लाल दिवा नाही, चमकपट्टी नाही. बैलगाडीला तर कंदीलही नसतो. थंडीत पहाटे नदीवर धुकं धरतं. समोरून येणाऱ्याला अचानक पांढरट काहीतरी आडवं दिसतं, तो हँडल वळवतो आणि वळवायला तिथे जागा नसते. वाचलाच तर सांगतो, ‘कायतरी पांढरं आडवं आलं बघा.’ त्याने खोटं सांगितलेलं नसतं.

किंचाळीचाही उलगडा आहे. जुन्या दगडी बांधकामाच्या कपारी गव्हाणी घुबडाला आवडतात. पांढरं तोंड, पांढरं पोट, उडताना पंखांचा आवाज जवळजवळ नाही, आणि ओरडलं की बाई किंचाळल्यासारखं. विवेकवादी गटाने एवढं जरी पत्रकात लिहिलं असतं तरी ‘काहीही दिसलं नाही’ यापेक्षा पोरांना जास्त गंमत वाटली असती. असो.

या पुलावरच्या मरणांची सरकारी नोंद नाही, असं मी म्हणतो तेव्हा कुणी म्हणेल, पोलीस ठाणं आहे की. आहे. नदीत प्रेत सापडलं की अकस्मात मृत्यूची नोंद होते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली व्हायची, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं, कागद फाईलला लागतो. मोटारसायकलवाला एकटाच पडून मेला तर पुष्कळदा त्या मेलेल्यावरच हयगयीचा गुन्हा दाखल होतो आणि आरोपी मयत म्हणून प्रकरण मिटतं. रस्त्याचं वळण, नसलेला कठडा, माजलेली बाभूळ यांची नावं आरोपीच्या रकान्यात कधी येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८अ आलं आणि सदोष रस्त्यामुळे मृत्यू झाला तर ठेकेदाराला किंवा जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंडाची सोय झाली. या कलमाची आठवण आपल्या भागात कुणाला करून द्यावी लागते यातच काय ते समजा.

दुसरा प्रकार त्याहून मासलेवाईक आहे. राष्ट्रीय महामार्गावर ‘ब्लॅक स्पॉट’ ठरवण्याचा केंद्राचा निकष असा: सुमारे पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू. महामार्गासाठी निकष वाजवी आहे. पण ज्या गावरस्त्यावरून रात्री दहा-पंधरा वाहनं जातात तिथे दहा माणसं तीन वर्षांत कशी मरतील? तिथे वर्षाआड एक मरतो. एक ऊसवाला, एक दूधवाला, सासरहून माहेरी निघालेली एक बाई. प्रत्येक मरण वेगळ्या फाईलमध्ये, कधी वेगळ्या ठाण्याच्या हद्दीत, कारण नदी हीच हद्द असते. वीस वर्षांची बेरीज सरकारी कागदावर कुणी मांडत नाही. ती मांडतं फक्त गाव. गावाला तारखा आठवत नाहीत, रकाने माहीत नाहीत. ते म्हणतं, ‘त्या पुलावर बाई आहे, ती माणूस घेते.’ बेरीज बरोबर आहे, भाषा चुकीची आहे. आपण भाषेवर हसतो आणि बेरीज टाकून देतो.

पण म्हणून गावाच्या या वहीची आरती ओवाळायलाही मी तयार नाही. लोककथांवर प्रेम करणारा एक तिसरा गटही या वादात हळूच आला आहे. त्याला ही गोष्ट म्हणजे ‘मौखिक वारसा’ वाटते आणि ती जशीच्या तशी जपावी असं वाटतं. त्यांनी जरा वहीची पानं उलटून पाहावीत. आपली भुतं जातवार आणि लिंगवार लावलेली आहेत. बाळंतपणात मेली ती अळवंतीण किंवा हडळ, मुंज होऊन लग्नाआधी गेला तो मुंजा, ब्राह्मणाचा आत्मा अडकला तर समंध, मुसलमानाचा असेल तर खवीस. बाळंतपणात बाई मेली, सुईण नव्हती, दवाखाना दूर होता, अंगात रक्त नव्हतं. आणि मेल्यावर गावाने तिचं काय केलं, तर तिला भय केलं. जिचा जीव गेला तीच इतरांचे जीव घेणारी ठरली. जिवंतपणी सोसलं ते सोसलं, मेल्यावरही दोष तिचाच. सासरच्या जाचाने पुलावरून उडी टाकलेल्या बाईची गोष्ट तीन पिढ्या चालते. त्या गोष्टीत सासू-सासऱ्यांची नावं कधी ऐकलीत? गोष्टीतून नेमकी तीच गळतात. आणि ज्यांनी हा पूल बांधला ते? १८७६ ते ७८ च्या दुष्काळात या जिल्ह्यातली माणसं सरकारी कामांवर खडी फोडत होती, अर्धपोटी मजुरीवर मरत होती. त्यांची भुतं का नाहीत? मजुराला भूत होण्याइतकंही महत्त्व गावाने दिलेलं दिसत नाही. तेव्हा ही वही अपुरी आहे आणि पक्षपाती आहे. ती जपायची नसते, तपासायची असते.

विवेकवाद्यांचा सर्वांत जड मुद्दा तर अजून राहिलाच आहे: अशा गोष्टी निरुपद्रवी नसतात. अगदी खरं. एकोणिसाव्या शतकात हुगळीवर पूल होत होता तेव्हा प्रत्येक खांबाखाली लहान मुलांची मुंडकी पुरणार, अशी आवई उठली होती. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांनीही ‘पुलाच्या पायात बळी लागतो, ठेकेदाराची माणसं पोरं नेतात’ हे लहानपणी ऐकलेलं आहे. याच जातीच्या भयाने १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच जणांचा जीव घेतला. मुलं पळवणारे समजून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचलं. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षा मागत फिरणारे, आणि बहुतेक आपल्याच मंगळवेढा तालुक्यातले. सोलापूरकराने तरी हे विसरू नये. भयकथेचा शेवटी बळी कोण, तर ज्याच्या पाठीशी गाव नाही तो. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर कुठे वर्षानुवर्षं रखडलेला जादूटोणाविरोधी कायदा राज्यात आला. एवढी किंमत मोजून मिळालेला कायदा ‘गोष्ट काय, गंमत असते’ म्हणून बाजूला ठेवणाऱ्यांत मी नाही.

पुलाच्या गोष्टीत आणखी एक विष आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. आमच्याकडे पोराच्या हातात गाडी आली की घरातलं वडीलधारं माणूस बजावतं, ‘पुलावर बाईमाणसानं हात केला तर थांबायचं न्हाई, मागं बघायचं न्हाई, सुसाट काढायची.’ आता विचार करा. रात्री साडेअकराला त्या पुलावर नवरा खाली पडला आहे आणि बायको रस्त्यावर उभी राहून हात करते आहे. तिच्या अंगावर फिकट रंगाची साडी आहे. किती गाड्या थांबतील? जखमीला मदत करणाऱ्याला पोलिसी आणि कोर्टाच्या कटकटीतून वाचवणारं कलम १३४अ मोटार वाहन कायद्यात आलं आहे, पण भुताच्या भयातून वाचवणारं कलम कुठून आणायचं? अपघाताची नोंद म्हणून जन्मलेली गोष्ट पुढच्या अपघातातल्या माणसाला मारते.

म्हणजे विवेकवाद्यांचं निदान बरोबर आहे. माझं भांडण उपचाराशी आहे. गोष्ट नाकारल्याने ती मरत नाही, कारण तिला जगवणारं वळण तिथेच असतं. पत्रक निघालं, आठवड्याने पुन्हा कुणी पडला, की गाव म्हणणार, ‘बघा, झोपून गेले ते लोक, ती चिडली.’ पुढचं मरण पत्रक पुसून टाकतं. पुढचं मरण थांबवलं तर मात्र भुताचं पोट आपोआप खपाटीला जातं.

हे आपल्याकडे पूर्वी झालेलं आहे. याच १८७६-७८ च्या दुष्काळात सरकार म्हणत होतं की व्यवस्था ठीक आहे, आणि गावोगाव तर मरणाच्या बातम्या फिरत होत्या. काही खऱ्या, काही फुगवलेल्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेने काय केलं? ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ असं पत्रक काढलं नाही आणि अफवा जशाच्या तशा छापल्याही नाहीत. सार्वजनिक काकांच्या, म्हणजे गणेश वासुदेव जोशींच्या, या सभेने जिल्ह्याजिल्ह्यांत आपली माणसं पाठवली. कुठल्या गावात पीक किती, गुरं किती मेली, कामावर मजुरी काय मिळते, याची वृत्तं मागवली आणि ती सरकारपुढे ठेवली. तोंडोतोंडी फिरणाऱ्या दुःखाला त्यांनी कागद मिळवून दिला. गाडगेबाबांचं बघा. कीर्तनात ते बोकड कापणाऱ्याला आणि देवऋष्याकडे धावणाऱ्याला इतके आडवेतिडवे प्रश्न विचारत की माणूस हसत हसत लाजायचा. पण कीर्तनाआधी दिवसभर हातात खराटा असायचा, आणि पंढरपुरात धर्मशाळा उभी करूनच ते थांबले. खराटा नुसता तोंडाने चालवून त्यांचं भागलं नसतं.

वडीलधाऱ्यांचा एक युक्तिवाद उरतो: भुताच्या भीतीने तरी पोरं रात्री पुलावर जात नाहीत, मग भीती असू दे की. एकेकाळी यात तथ्य असेल. आज हीच भीती पोरांना तिथे ओढून आणते. आणि भीतीने घरी बसणं त्यालाच परवडतं ज्याला जायची सक्ती नाही. पहाटे तीनला दूध घालणारा, कारखान्याची पाळी करून येणारा, अडलेल्या बाईला घेऊन निघालेली आशाताई यांना पूल ओलांडावाच लागतो. घाबरलेला माणूस पुलावर गाडी हळू करत नाही, वेग वाढवतो. नेमक्या ज्या ठिकाणी हळू जायला हवं तिथे गोष्ट त्याला सुसाट जायला शिकवते.

जुन्या पुलांच्या बाबतीत खरं भय कुठे असतं हे आपण दोनदा तरी पाहिलं आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ सालचा पूल पुरात वाहून गेला, दोन एसटी गाड्या प्रवाशांसकट नदीत गेल्या. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीने कोसळला, चार जण गेले. तो धोकादायक आहे हे आधीच ठाऊक होतं. तरी लोक फोटोसाठी उभे होते. आपल्या सीनेनेही २०२५ च्या सप्टेंबरात काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. महामार्गाची वाहतूक थांबली, गावं पाण्यात गेली. त्या पुरानंतर या दगडी पुलाच्या पायाखालची माती किती राहिली आहे, हे कुणी उतरून बघितलं का? भूत शोधायला रात्री तीस जण येतात. खांब बघायला दिवसा एक अभियंता आल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

विचारायला गेलं तर पहिला प्रश्न येतो, पूल कुणाचा? रस्ता जिल्हा परिषदेचा की सार्वजनिक बांधकाम खात्याचा, यावर टोलवाटोलवी. खाली काही अंतरावर कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा आहे, त्यावरूनही लोक मोटारसायकली घालतात. तो जलसंपदाचा, आणि त्यांचं म्हणणं, बंधारा हा पूलच नाही. तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण पलीकडच्या तीरावर शेत असलेल्याला तांत्रिक वळसा परवडत नाही.

तेव्हा दोन्ही गटांकडे माझी मागणी साधी आहे. विवेकवादी मित्रांनी पुढच्या अमावास्येला सतरंजीबरोबर मोजपट्टी न्यावी. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून दोन्ही ठाण्यांत माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा: या पुलाच्या दोन्ही अंगांना पाचशे मीटरच्या आत गेल्या वीस वर्षांत अकस्मात मृत्यूच्या आणि अपघाताच्या नोंदी किती, कोणत्या महिन्यात, किती वाजता. जुने कागद नष्ट झालेत असं उत्तर आलं तर पारावर बसून गावाला विचारावं. भूत कुणाचं आहे असं विचारलं की नावं सांगायला लोक तयार असतात. ती नावं आणि साधारण सालं एका कागदावर उतरवून ग्रामसभेत ठराव घ्यावा, ठरावाला कलम १९८अ ची प्रत जोडावी आणि तो बांधकाम खातं व जिल्हा परिषद दोघांनाही द्यावा, म्हणजे ‘आमचा नाही’ हे उत्तर त्यांना लेखी द्यावं लागेल. पोरांकडे कॅमेरे चांगले आहेत. त्यांनी दिवसाउजेडी येऊन पडलेले खुंट, बाभळीने झाकलेलं वळण, खांबाच्या बुडाशी पाण्याने पाडलेली खळगी एवढं चित्रित करावं. किंचाळी हवीच असेल तर कपारीतलं घुबड आहे, फक्त त्याच्या तोंडावर बॅटरी मारू नये.